तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीवरचा नंबर येतो कुठनं?

सांगलीत माझं जर्सी छापायचं छोटं दुकान आहे. टेनिस बॉलच्या स्पर्धा, सरपंच चषक, मंडळांच्या टीमा, शाळा, सगळे येतात, आणि काउंटरला टेकून यादी देता देता एक प्रश्न हमखास येतोच, की दादा, धोनीनं ७च का घेतला, कोहलीनं १८च का, हे बोर्ड ठरवतं का यांचा कोणी ज्योतिषी बसलेला असतो? सीझनमध्ये तोंडी सांगत बसायला वेळ नसतो म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर सरळ उत्तर असं की बहुतेकांचा नंबर म्हणजे एकतर जन्मतारीख, नाहीतर त्यावेळी जो शिल्लक होता तो. बाकीचा सगळा भाव त्याला नंतर चढतो.

धोनीचा जन्म ७ जुलैचा, सातवा महिना सातवी तारीख, झालं, विषय संपला. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात राव, त्यांना काहीतरी लकी-बिकी ऐकायचं असतं. मिताली राज ३ डिसेंबरची, नंबर ३. झूलन गोस्वामी २५ नोव्हेंबरची, नंबर २५. एकीच्या वनडेत ७८०५ रन्स, दुसरीच्या २५५ विकेट्स, आणि या दोघींच्या नावाची जर्सी कुणी मागितलीय का म्हणाल तर फार कमी, ते आपल्या लोकांचं दुर्दैव, दुसरं काय. बुमराहचा ९३ म्हणजे जन्मसाल, १९९३. शुभमन गिलला अंडर नाइन्टीनला ७ पाहिजे होता, तो दुसऱ्याकडं होता, मग यानं दोन सात घेतले, ७७. यशस्वी जैस्वालला १९ हवा होता, राजस्थान रॉयल्सला तोच असायचा, पण १९ दिनेश कार्तिककडं, म्हणून ६४. म्हणजे तिकडंही आमच्या दुकानासारखंच चालतं, जो आधी आला त्याचा नंबर.

युवराजचं मात्र मला अजून नवल वाटतं. १२ डिसेंबरचा जन्म म्हणून १२ नंबर, इथपर्यंत नेहमीचंच. पण १९ सप्टेंबर २००७ ला डर्बनमध्ये टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपात इंग्लंडच्या ब्रॉडला एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले तेव्हा त्याची फिफ्टी झाली किती बॉलमध्ये? १२. आता हे कुणी ठरवून करू शकतो का? सोळा वर्षं तो वर्ल्ड रेकॉर्ड टिकला, मग २०२३ मध्ये नेपाळच्या दीपेंद्र सिंग ऐरीनं ९ बॉलमध्ये फिफ्टी मारली.

आता १८. कोहलीनं हा नंबर हट्टानं मागून घेतलेला नव्हता, अंडर नाइन्टीनच्या टीममध्ये मिळाला तो. पुढं १८ डिसेंबर २००६ ला वडील गेले, तो तेव्हा दिल्लीकडून रणजी मॅच खेळत होता, तशातही मैदानात जाऊन ९० काढून आला. मग १८ ऑगस्ट २००८ ला इंडियाकडून पहिली वनडे. म्हणजे नंबर आधी आला आणि त्याच्यात जीव नंतर आला. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या सेमीफायनलला पन्नासावं वनडे शतक झालं, सचिनची ४९ मागं पडली आणि सचिन स्वतः स्टँडमध्ये बसलेला, याने हेल्मेट काढून वाकून नमस्कार केला, तेव्हा माझ्या दुकानात हीट प्रेस चालू ठेवून आम्ही सगळे मोबाईलला चिकटलो होतो.

पण सांगलीत १८ म्हटलं की आधी आमची स्मृती मानधना. १८ जुलैचा जन्म, म्हणून १८. तिचं बालपण, क्रिकेट सगळं सांगलीतलं, त्यामुळं इथं कोहलीचं नाव घेऊन कोण तुलना करायला लागलं की भांडणच. २०१३ मध्ये वडोदऱ्याला महाराष्ट्राच्या अंडर नाइन्टीनकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या होत्या तिनं. आणि खरी मजा पुढंच आहे. भारताकडून वनडेतलं सगळ्यात फास्ट शतक कोहलीच्या नावावर होतं, ५२ बॉल, जयपूर, २०१३, समोर ऑस्ट्रेलिया. ते २० सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच स्मृतीनं ५० बॉलमध्ये मोडलं. १८ चं रेकॉर्ड १८ नंच मोडलं! मॅच हरलो आपण, पण ६३ बॉलमध्ये १२५, काय बोलायचं. पुढं २ नोव्हेंबरला नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, त्या स्पर्धेत तिच्या ४३४ रन्स, एका महिला वर्ल्ड कपात भारताकडून सगळ्यात जास्त. त्यानंतर शाळांच्या ऑर्डरी यायला लागल्या, मुलींच्या टीमच्या यादीत १८ वर तिघी-तिघी, सोबत पीटीच्या बाई वैतागलेल्या. यादी दुरुस्त होऊन येईपर्यंत मी छापायला घेत नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न, १० नंबर रिटायर केला, म्हणजे परत कुणाला द्यायचाच नाही, ते बरोबर का? १० सचिनचा हे सगळ्यांना माहिती. ग्वाल्हेरचे नाबाद २०० (२४ फेब्रुवारी २०१०), मिरपूरचं शंभरावं शतक, सगळं १० मध्ये. मग ३१ ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत शार्दुल ठाकूर पहिली वनडे खेळायला उतरला तो पाठीवर १० घेऊन, आणि लोकांनी जे धुतलंय त्याला सोशल मीडियावर, जसं काय त्यानं सचिनच्या घरातनं काही उचलून आणलंय. त्याचं म्हणणं अंकशास्त्राचं होतं, जन्म १६ ऑक्टोबर १९९१, आकड्यांची बेरीज २८, आणि दोन अधिक आठ दहा. पालघरवरनं किट बॅग घेऊन लोकलनं मुंबईला क्रिकेट खेळायला येणारं पोरगं ते, सचिनचा मान त्याला आपण शिकवायचा? शेवटी त्यानं ५४ घेतला, आणि १० परत कुणाला मिळालाच नाही. पुढं जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्ग टेस्टला याच ५४ नं ६१ रन्समध्ये ७ विकेट्स काढल्या, साऊथ आफ्रिकेविरुद्ध कुठल्याही भारतीयाची सगळ्यात भारी बॉलिंग. तेव्हा शिव्या घालणारे कुठं होते कोण जाणे.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये धोनीचा ७ पण बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या. आणि मे २०२५ मध्ये कोहली टेस्टमधनं रिटायर होऊन महिना झाला नव्हता तर इंडिया ए, म्हणजे भारताच्या दुसऱ्या फळीच्या टीमकडून मुकेश कुमार १८ घालून उतरला, त्याच्यावरही तीच बोंबाबोंब. ए टीमला तर ठरलेले नंबरच नसतात, दिली ती जर्सी घालायची! मला विचाराल तर नंबर रिटायर करू नये. युवराजचा १२ कुणी झाकून ठेवला नाही म्हणून ते सहा सिक्स कुणी विसरलंय का? आणि व्यवहार बघा, त्यावेळच्या बातम्यांप्रमाणं साठेक नंबर टीममधल्या आणि टीमच्या आसपासच्या पोरांकडं अडकलेले, एखादा वर्षभर बाहेर असला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत, नवीन आलेल्याला तीसेक नंबरांतनंच निवडायचं. असंच चाललं तर पन्नास वर्षांनी पोरांनी काय पाठीवर मोबाईल नंबर लिहायचा?

एक काका आले होते, त्यांना नातवासाठी कपिलची जर्सी पाहिजे होती, ८३ ची, नंबरासकट. म्हटलं काका, तेव्हा नंबरच नव्हता हो. झिम्बाब्वेविरुद्धचे नाबाद १७५ पांढऱ्या कपड्यांत झाले, पाठ कोरी. वर्ल्ड कपमध्ये नंबर आले १९९९ ला, तेव्हा कॅप्टनला १ आणि बाकीच्यांना २ ते १५ असं होतं, तिथंही साऊथ आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए आपल्या ५ वरच राहिला. टेस्टमध्ये तर पाठीवर नाव आणि नंबर आले थेट १ ऑगस्ट २०१९ ला, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ॲशेसमध्ये. म्हणजे सचिनची ५१ टेस्ट शतकं बिननंबराची! काकांना ते पटलं नाही, शेवटी ८३ टाकून घेऊन गेले.

टेस्टवाल्यांचा खरा नंबर कॅपचा असतो, देशाकडून खेळणारा तू कितवा, तो. तो मागून मिळत नाही आणि कुणाचा काढूनही घेता येत नाही, म्हणून मला तो जास्त आवडतो. सचिन १८७. कोहली २६९, टेस्टमधनं जाताना त्यानं हाच आकडा लिहिला होता. आणि दोनच महिन्यांत एजबॅस्टनला नवा कॅप्टन गिल किती रन्सवर आऊट व्हावा? २६९ वर. वर त्यानं भारतीय कॅप्टनचा सगळ्यात मोठा स्कोर मोडला, तो पण कोहलीचाच, आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्यातला नाबाद २५४. असलं कुठं लिहून ठेवलं तर लोक म्हणतील बनवून सांगतोय.

हार्दिकचा २२८ अजून कुणीतरी मागतंच. बडोद्याकडून अंडर सिक्स्टीनला मुंबईविरुद्ध केलेला स्कोर तो, पाठीवर घेऊन फिरायचा गडी, मग ३३ वर आला. ख्रिस गेलनं तसाच आपला टेस्टमधला ३३३ टाकला होता, तर त्याची पाठ बघा केवढी! लहान पोराच्या २६ साईजच्या जर्सीवर तीन आकडे बसवायचे म्हणजे बाजूच्या शिलाईत जातात, म्हणून लहान मुलांच्या आयांना मी आधीच सांगतो की दोनच आकडे द्या. जर्सीचं प्रिंट आधी कागदावर उलटं निघतं, १८ चं ८१ दिसतं, ते बघून काउंटरवरनं ओरडू नका, प्रेसमधनं सुलटं येतं.

माझा आवडता नंबर विचाराल तर सेहवागचा, म्हणजे काहीच नाही. आधी ४४ असायचा, मग कुणीतरी अंकशास्त्रवाल्यानं सुचवलं म्हणे आणि त्यानं पाठ कोरीच ठेवली, २०११ चा वर्ल्ड कप तसाच खेळला आणि बांगलादेशविरुद्ध पहिल्याच मॅचला १७५ ठोकले. मागच्या सीझनला एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं सेहवागसारखी कोरी द्या आणि नंबर नाही तर वीस रुपये कमी करा. आता सब्लिमेशनमध्ये, म्हणजे कागदावरचं प्रिंट गरम प्रेसनं कापडावर उतरवतो त्यात, अख्खी पाठ एकदमच छापतो, नंबराचे वेगळे पैसे नसतातच, हे मी त्याला दोनदा समजावलं, तर म्हणतो मग तेवढ्याच पैशांत नंबर टाकाच, ४४ टाका.