टोल्युइडिन ब्लू: सूर्यफुलाच्या खोडातले तीन रंग

सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे छेद रंगवायला मागच्या नोंदीपर्यंत मी मिथिलीन ब्लू हाच रंग वापरत रमले होते. केंद्रकं छान उठून दिसायची, पण बाकी सगळं निळंच. आता त्याच थायाझिन (नायट्रोजन-गंधकाच्या सांगाड्याच्या) रंगांच्या कुळातला टोल्युइडिन ब्लू हाती घेतलाय, आणि वनस्पतींच्या छेदांसाठी यापुढे पहिली पसंती यालाच असेल.

द्रावण साधं आहे. 200 मिली पाण्यात 0.25 ग्रॅम बेंझोइक आम्ल आणि 0.29 ग्रॅम सोडियम बेंझोएट, त्यात 0.1 ग्रॅम रंग. रंगाचं प्रमाण 0.05 टक्के पडतं आणि पीएच 4.4च्या आसपास राहतो. बेंझोइक आम्ल थंड पाण्यात नाखुशीने विरघळतं, तेव्हा पाणी कोमट करून घ्या आणि रंग टाकल्यावर गाळून घ्या. न गाळलेल्या द्रावणातले बारीक कण नेमके पेशीभित्तिकांवर येऊन बसतात.

सूर्यफुलाचं कोवळं खोड गाजराच्या चिरेत धरून कोऱ्या ब्लेडने आडवे काप घेतले. एखाद मिनिट रंगात, मग पाण्यात, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. काचपट्टीवर पाण्याचाच थेंब, वर कव्हरस्लिप.

दहापटीच्या भिंगाखाली पहिल्यांदा नजर जाते ती जलवाहिन्यांवर: ठसठशीत हिरवट निळी वर्तुळं. बाहेरच्या सालीखालच्या स्थूलकोन ऊती लालसर जांभळ्या, आणि रंग सगळ्यात गडद कुठे, तर पेशींच्या कोपऱ्यांत, जिथे भित्तिका जाड झालेली असते. मधल्या भेंडाच्या मूल ऊती फिकट गुलाबी-जांभळ्या. रसवाहिनीही जांभळ्या गटातच.

मला सगळ्यात जास्त आवडली ती रसवाहिनीच्या बाहेर टोपीसारखी बसलेली तंतूंची पुंजकी. शेंड्याजवळच्या छेदात ती जांभळीच होती. त्याच खोडाच्या बुंध्याकडच्या छेदात तीच पुंजकी हिरवट निळी. भित्तिकांना लाकडासारखं कडक करणारं लिग्निन भरत गेलं तसा रंग पालटला. एकाच खोडाचे वरून खाली क्रमाने छेद घेतले, तर काष्ठीभवन कुठे सुरू होतं ते डोळ्यांनी दिसतं. हे मिथिलीन ब्लूमध्ये मला कधीच इतकं स्पष्ट मिळालं नव्हतं.

रंग बाटलीत एकच, मग छेदात तीन कसे? या रंगाचा रेणू सपाट आणि धनभारित. जांभळ्या दिसणाऱ्या भित्तिकांमधल्या पेक्टिन या चिकट पदार्थात कार्बॉक्सिल गटांचे ऋणभार दाटीने बसलेले असतात, त्यामुळे रेणू तिथे एकमेकांच्या इतके जवळ येतात की नाण्यांच्या चळतीसारखे रचले जातात. सुटा रेणू 630 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो आणि निळा दिसतो. चळत झाली की शोषण कमी तरंगलांबीकडे सरकतं आणि आपल्याला जांभळा-गुलाबी दिसतो. यालाच मेटाक्रोमसी म्हणतात. लिग्निनवर असे दाट ऋणभार नसतात, म्हणून तिथे चळत होत नाही आणि रंग निळ्या-हिरव्या बाजूलाच राहतो. पीएचचं महत्त्वही इथेच आहे: द्रावण फार आम्लधर्मी केलं तर कार्बॉक्सिल गटांचा भार जातो आणि पेक्टिन रंग धरत नाही.

चळतीची गोष्ट स्वतः तपासायची असेल, तर कव्हरस्लिपच्या एका कडेला इथेनॉलचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. भिंगातून बघत राहा. अल्कोहोलची आघाडी जसजशी छेदातून पुढे सरकते, तसतसा जांभळा रंग निळा होत जातो आणि मग धुऊन निघू लागतो. पाणी कमी झालं की चळत मोडते. म्हणूनच अल्कोहोलमधून नेऊन कायमस्वरूपी पट्टी करायला गेलं की ही रंगसंगती हातची जाते. फोटो पाण्यात असतानाच काढून ठेवावेत, हे माझं ठाम मत.

या कुळाचा पाया 1876मधला. त्या वर्षी शार्ल लोथ यांनी थायोनिन बनवला आणि बीएएसएफ या जर्मन रंग-कंपनीत हाइनरिश कारो यांनी मिथिलीन ब्लू. दोन बेंझिन कड्यांना जोडणारा एक नायट्रोजन आणि एक गंधक, हा सांगाडा सगळ्यांचा सारखा. टोकाच्या नायट्रोजनांवर मिथाइल गट किती, त्यावर छटा ठरते: थायोनिनवर एकही नाही, ॲझ्युअर बीवर तीन, मिथिलीन ब्लूवर चार. गट जितके कमी, तितकी छटा जांभळ्याकडे. मिथिलीन ब्लू अल्कधर्मी द्रावणात जुना होऊ दिला की गट गळतात आणि ॲझ्युअर तयार होतात. त्यांची इओसिन या लालसर रंगाशी जोडी जमवूनच रोमानोव्स्की आणि पुढे गिम्सा यांच्या रंगपद्धती उभ्या राहिल्या, ज्यांनी रक्तातले हिवतापाचे परजीवी ओळखणं सोपं केलं. कापड उद्योगात हे रंग टॅनिनचा आधार देऊन सुतावर चढवले जात, पण उन्हात ते फार टिकत नाहीत. भरलेली बाटली अंधारात ठेवा.

आता दोन गोष्टी ठरवल्यात. एक, हेच द्रावण अगारच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीच्या) पातळ कापावर. अगारमध्ये सल्फेट गट असतात, त्यामुळे पीएच अगदी खाली नेल्यावरही तिथे जांभळा टिकायला हवा, आणि शेजारी ठेवलेल्या सूर्यफुलाच्या पेक्टिनवर तो टिकू नये. दुसरं, मिथिलीन ब्लू सौम्य अल्कधर्मी करून मुरायला ठेवलाय. थोडा थोडा काढून गाळणकागदावर त्याचे घटक वेगळे होतात का ते बघतेय. कोणी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर ॲझ्युअर वेगळे केले असतील, तर कोणता द्रावक वापरला ते जरूर कळवा.