साधारण धर्म

इंदूरमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना माझ्याकडे पक्षाघाताचे जे रुग्ण येतात, त्यांपैकी बहुतेकांच्या घरच्यांची तक्रार एकच असते: यांना कळते सगळे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी आलेल्या काकूंची तक्रार नेमकी उलटी होती.

"हे बोलतात अगदी पूर्वीसारखे," त्या म्हणाल्या, "पण यांच्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. काल चिडून म्हटलं, सकाळपासून माझं डोकं खाऊ नका, तर म्हणतात, मी अजून चहासुद्धा घेतलेला नाही."

सर शेजारीच बसले होते. त्यांना यात हसण्यासारखे काही वाटले नाही आणि रागावण्यासारखेही नाही. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आयुष्यभर मराठी शिकवत आले होते आणि निवृत्तीनंतरही घरी मुलांना व्याकरण, वृत्ते आणि अलंकार शिकवत होते. दोन महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या गोलार्धाचा रक्तपुरवठा तुटला, डावा हात लुळा पडला आणि शिकवणी थांबली. उजव्या हाताने कामे करणाऱ्या बहुसंख्य माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या गोलार्धात असते. सरांचा तो गोलार्ध शाबूत होता. त्यामुळे वस्तूंची नावे सांगणे, वाक्य ऐकून तसेच म्हणणे, सूचना ऐकून कृती करणे या नेहमीच्या चाचण्या त्यांनी सहज पार केल्या. आवाज तेवढा सपाट होता. प्रश्न, आश्चर्य आणि होकार हे तिन्ही एकाच पट्टीत येत होते.

वाचनाला सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण दिसली. सरांना आवडेल म्हणून मी मोरोपंतांची एक आर्या मोठ्या अक्षरांत छापून आणली होती. त्यांनी दोन्ही ओळींचा केवळ उजवीकडचा तुकडा वाचला, थोडे थांबले आणि म्हणाले, "यमक चांगलं साधलंय." उजव्या गोलार्धाला इजा झालेल्या रुग्णांमध्ये हे पुष्कळदा दिसते. त्यांच्या डोळ्यांत दोष नसतो, परंतु डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. आपली देवनागरी डावीकडून सुरू होत असल्यामुळे ओळीचा आरंभ हरवतो आणि शेवट उरतो. कवितेच्या बाबतीत याचा विचित्र परिणाम असा झाला की अर्थ गळून पडला आणि यमक तेवढे हाती लागले. मी पानाच्या डाव्या कडेला तांबडी उभी रेघ ओढली आणि प्रत्येक ओळ ती रेघ सापडल्यावरच सुरू करायची, असे ठरवून दिले. मग आर्या पूर्ण वाचली गेली.

खरी चाचणी त्यानंतरची होती. एलेन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी १९७७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना आलंकारिक वाक्ये ऐकवून त्यांच्याशी जुळणारे चित्र निवडायला सांगितले होते. 'जड अंतःकरण' अशा अर्थाच्या शब्दप्रयोगासाठी उजव्या गोलार्धाच्या रुग्णांनी बरेचदा प्रचंड मोठे हृदय वाहून नेणाऱ्या माणसाचे चित्र दाखवले. गंमत म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांना त्याच वाक्याचा अर्थ तोंडी सांगता येत होता. माझ्याजवळचा संच हिंदी म्हणींचा असल्यामुळे मराठी वाक्प्रचारांची चित्रे मी स्वतःच काढली आहेत. माझी चित्रकला बेताची असल्याने त्यांतले कावळे पारव्यांसारखे दिसतात, पण त्यावाचून आजवर कुणाचे अडलेले नाही.

"पोटात कावळे ओरडणे म्हणजे काय, सर?"

"अतिशय भूक लागणे."

"आता यांतलं योग्य चित्र दाखवा."

ताटाकडे आशेने पाहणारा मुलगा सोडून त्यांनी पोटात तीन कावळे बसलेल्या मुलावर बोट ठेवले. दहा वाक्प्रचारांपैकी नऊंचे अर्थ त्यांनी बिनचूक सांगितले होते, आणि चित्रे मात्र तीनच बरोबर निघाली. पाठ असलेला अर्थ आणि समजलेला अर्थ मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहत असावेत, असे वाटायला लावणारा हा निकाल होता.

तरीही मला शंका होती. शिक्षकाला जुनी उदाहरणे पाठ असणारच. त्यांनी ज्ञानेश्वरीतले 'परि अमृतातेंही पैजां जिंके' आपणहून म्हणून दाखवले, व्यतिरेक अलंकार असल्याचे सांगितले आणि उपमेय (जिचे वर्णन करायचे ती गोष्ट) उपमानापेक्षा (जिच्याशी तुलना करायची त्या गोष्टीपेक्षा) वरचढ ठरते, हे लक्षणही सांगितले. त्यात कुठे चूक काढायला जागा नव्हती. म्हणून कोणत्याही पुस्तकात नसलेले एक साधे वाक्य मी तिथल्या तिथे रचले.

"माझी आई म्हणजे घड्याळ आहे. अलंकार कोणता?"

"रूपक," ते तत्काळ म्हणाले. "आई उपमेय, घड्याळ उपमान. साधर्म्यवाचक शब्द नाही, दोहोंत अभेद मानला आहे."

"म्हणजे माझी आई कशी आहे?"

बराच वेळ गेला. "तुमच्या आईजवळ घड्याळ आहे," ते म्हणाले.

माझ्या नोकरीत विस्मयाचे क्षण थोडे येतात, पण हा त्यांपैकी होता. अलंकार ओळखला होता, त्याचे घटक सुटे केले होते, आणि ज्यासाठी तो अलंकार योजला ते मात्र निसटले होते. मला स्वतःची शाळा आठवली. आम्ही हिंदी माध्यमात 'सा, सी, सम, सरिस' दिसले की उपमा आणि 'मनु, जनु, मानो' दिसले की उत्प्रेक्षा असे घोकले होते, घरी आजोबांनी त्याला 'जणू, गमे, वाटे, भासे'ची जोड दिली होती, आणि त्या खुणांच्या बळावर पूर्ण गुण मिळवताना कवितेशी आमची गाठ पडली नाही तरी कुणाला पत्ता लागत नसे. परीक्षा त्या पद्धतीने घेतली तर सर आजही पहिले आले असते.

मी वाक्य बदलले. "माझी आई घड्याळासारखी आहे."

या वेळी त्यांच्या कपाळावर आठी पडली. "वेळेवर उठते का?" त्यांनी विचारले.

एवढ्या एका 'सारखी'ने दार किलकिले झाले. दोन गोष्टी एक नाहीत, त्यांच्यात तुलना करायची आहे, अशी सूचना उपमेतला तो शब्द उघडपणे देतो. रूपक ती देत नाही, ती ऐकणाऱ्याने स्वतःच गृहीत धरायची असते. व्याजस्तुतीत किंवा काकूंच्या टोमण्यात तर शब्द एका दिशेला आणि हेतू दुसऱ्या दिशेला असतो; सरांचा अडसर तिथे सर्वांत मोठा असणार, हे मला तेव्हा उमगले.

अशा रुग्णांकडून शब्दांभोवतीच्या कल्पनांचे जाळे काढून घेऊन त्यातून रूपकापर्यंत जाण्याचा सराव करून घेतात. सरांसाठी मला वेगळे जाळे विणावे लागले नाही, कारण त्यांच्या विषयाने ते कधीच विणून ठेवले होते. उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म या चार घटकांपैकी चौथा, म्हणजे दोहोंत सारखा असलेला गुण, त्यांच्या हातून सुटत होता. मी तांबड्या रेघेचा कागद पुढे केला आणि विचारले, "सर, साधारण धर्म कोणता?"

या प्रश्नाने ते ताठ बसले. हा त्यांच्या घरचा शब्द होता. त्यांनी एका रकान्यात घड्याळाचे गुण लिहिले: टिकटिक, काटे, किल्ली, वेळ पाळणे, भिंतीवर असणे. दुसऱ्यात आईचे: स्वयंपाक, रागावणे, लवकर उठणे, सारखे बोलणे. मग पेन्सिलीने एकेक जोडी तपासत, पाच-सात मिनिटे घेऊन, 'वेळ पाळणे' आणि 'लवकर उठणे' यांना रेघेने जोडले. थोड्या वेळाने 'टिकटिक' आणि 'सारखे बोलणे' यांनाही जोडले. दुसरी जोडी माझ्या मनात नव्हती, पण माझ्या आईला ओळखणारा कुणीही ती नाकारणार नाही.

जाताना सरांनी मांडलेला कागद काकूंना दाखवला. दिवसभराच्या धावपळीने त्या दमल्या होत्या. "मोठे दिवे लावलेत हो!" त्या सवयीने म्हणून गेल्या.

सर दारात थांबले. त्यांनी खोलीतल्या ट्यूबलाइटकडे पाहिले, मग काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्याच सपाट आवाजात विचारले, "ही स्तुती आहे की निंदा?"

काकूंना चटकन उत्तर देता आले नाही. "अर्धी अर्धी," त्या शेवटी म्हणाल्या आणि त्यांचा लुळा हात धरून जिना उतरू लागल्या. रुग्णाने शंका स्वतःहून विचारली, अशी नोंद मी फाइलमध्ये केली आणि पुढच्या गुरुवारसाठी टोमण्यांची यादी करायला बसले.