फोकांच्या ढाली

रात्रपाळीत चहाच्या सुट्टीत वाचायला म्हणून हे पुस्तक मी डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं. सोलापूरच्या नवी पेठेत रद्दीवाल्याकडे मिळालेलं, कव्हर गेलेलं, पहिली दोन पानं नाहीत. अमेरिकन लेखक हॉवर्ड फास्टची 'स्पार्टाकस' ही कादंबरी. इंग्रजी शब्द अडला की मोबाईलमध्ये बघायचा, पुढं जायचं. आमचा कारखाना टॉवेलचा, अक्कलकोट रोडला. मागाच्या खडखडाटात दीड महिना हे पुस्तक माझ्याबरोबर होतं.

गोष्ट तशी बऱ्याच जणांना माहीत असते. इ.स.पू. ७३ मध्ये इटलीतल्या कापुआ गावी ग्लॅडिएटर, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी जिवावर उदार होऊन लढणारे, तयार करायच्या आखाड्यातून सत्तरेक गुलाम पळाले. त्यांचा म्होरक्या स्पार्टाकस. हत्यारं म्हणजे भटारखान्यातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया. बघता बघता त्यांना हजारो लोक येऊन मिळाले आणि दोन वर्षं त्यांनी रोमच्या फौजांना पळता भुई थोडी केली. शेवटी रोमचा सेनापती क्रॅसस यानं त्यांना मोडलं. जिवंत सापडलेल्या ६,००० जणांना कापुआ ते रोम या रस्त्यावर ओळीनं क्रूसावर टांगलं.

हा रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सोलापूरहून पुण्याच्या वाटेनं पार यवतपर्यंत. गेल्या महिन्यात एसटीनं पुण्याला जाताना मी खिडकीत बसून हिशेब केला. सहा हजार माणसं दोनशे किलोमीटरला वाटली, तर दर तेहतीस मीटरला एक. रस्त्याकडेचे विजेचे खांबसुद्धा एवढे जवळ नसतात. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, इंदापूर आलं, तरी माझ्या डोक्यातली ओळ संपेना. शेवटी मी पडदा ओढून घेतला.

फास्टची कादंबरी याच रस्त्यावर सुरू होते. उठाव संपलाय, स्पार्टाकस मेलाय, आणि रोममधली तीन श्रीमंत तरुण मंडळी कापुआला निघालीत. वाटेत दुतर्फा क्रूस. मुक्कामाला बडी बडी माणसं भेटतात, जेवणावळी होतात, आणि जो तो स्पार्टाकसबद्दलच बोलतो. क्रॅसस बोलतो, आखाड्याचा मालक बॅटिएटस बोलतो, ग्रॅकस नावाचा मुरलेला पुढारी बोलतो. ज्यांनी मारलं, त्यांनाच त्याचं नाव काढल्यावाचून राहवत नाही.

पहिली शंभर पानं मला याचा रागच आला. मला स्पार्टाकस पाहिजे होता, त्याच्या मालकांच्या गप्पा नको होत्या. मग एका रात्री लक्षात आलं, की आपल्यापाशी आहे ते एवढंच. त्या गुलामांपैकी कुणाच्याही हातचं एक अक्षर उरलेलं नाही. प्लुटार्क आणि अपियन या जुन्या इतिहासकारांनी जे लिहिलं, ते दीड-दोनशे वर्षांनी. प्लुटार्क सांगतो की स्पार्टाकसबरोबर त्याची बायको होती, त्याच्याच जमातीची, अंगात येणारी, भविष्य सांगणारी. एवढं सगळं सांगतो, पण तिचं नाव सांगत नाही. फास्टनं तिला व्हारिनिया हे नाव दिलं आणि उठावानंतरही जिवंत ठेवलं. कादंबरी कशासाठी लिहायची, याचं उत्तर मला त्या नावात मिळालं.

सगळंच आवडलं असं नाही. रोमन लोकांचा विलास फार गडद रंगवलाय, आणि स्पार्टाकस इतका निर्मळ, की त्याला कधी कुणाचा हेवा वाटत नाही, त्याची कधी चूक होत नाही. असा माणूस मला दूरचा वाटतो. त्यापेक्षा त्याला मारायला नकार देऊन उलट प्रेक्षकांवर धावून जाणारा आफ्रिकन द्राबा थोडीच पानं येतो, पण डोळ्यांपुढून हलत नाही.

आता घरचं सांगतो. आम्ही कैकाडी, सोलापूरच्या सेटलमेंटमधले. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. दिवसाला हजेरी. बाहेर जायचं तर पास. देशभरातून तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. माझी आज्जी त्या तारेच्या आत जन्मली. तिचे वडील गिरणीत कामाला होते आणि आई घरी टोपल्या विणायची. रोमचे गुलाम आणि आम्ही एकच, असं मी म्हणत नाही. आम्हाला कुणी बाजारात विकलं नाही. पण तारेच्या आतल्या माणसाबद्दल जे लिहून ठेवलं जातं, ते तारेबाहेरचा लिहितो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी पाळीवरून येऊन पायरीवर वाचत बसलो होतो. आज्जी म्हणाली, "काय वाचलालास रं एवढं?" मी सांगायला लागलो. व्हेसुव्हियस डोंगरावर त्यांना कसं कोंडलं, खाली यायच्या एकुलत्या वाटेवर फौज कशी बसली, मग त्यांनी रानवेलींच्या शिड्या विणल्या आणि उलट्या अंगानं कड्यावरून उतरून त्या फौजेवर कसे पडले. आज्जी ऐकत होती. फ्रॉन्टिनस नावाच्या रोमन माणसानं लिहिलंय की त्यांच्या ढाली फोक विणून केलेल्या होत्या, वर कातडं चढवलेल्या. हे सांगितल्यावर ती एकदम सरसावून बसली.

"फोक ओलं का वाळलेलं?"

"तसं लिहिलं नाही."

"वाळलेलं वाकत न्हाई, मोडतंय. आमी निरगुडीचं ओलं फोक घेत होतो." मग तिनं मांडीवर हवेतच चार फोक आडवे, चार उभे धरले आणि बूड कसं बांधायचं ते दाखवलं. बोटं वाकडी झालीत, पण ओढ कुठं द्यायची ते बोटांना ठाऊक आहे. "ढाल म्हंजे टोपलीचं बूडच की," ती म्हणाली. "मोठं करायचं. ह्ये बायांनीच केलं असणार बग."

त्या दिवसापासून मी वही केली. आज्जी बोलते, मी लिहितो. परवा तिनं सांगितलं की टोपल्या विकायला रात्री गुपचूप बाहेर जायचं असलं की एक माणूस तार वर उचलून धरायचा. त्याला हे वरचेवर करावं लागे, आणि तो पहाटे परत घ्यायलाही थांबायचा. मी पेन उघडं धरून विचारलं, त्याचं नाव काय?

आज्जी माझ्याकडे बघत राहिली.

फास्ट १९५० साली तीन महिने तुरुंगात होता. स्पेनच्या निर्वासितांच्या दवाखान्याला ज्यांनी पैसे दिले, त्यांच्या नावांची यादी अमेरिकन संसदेच्या समितीनं मागितली होती आणि त्याच्या संस्थेनं ती दिली नाही. स्पार्टाकसची ओढ त्याला त्या तुरुंगात लागली. बाहेर आल्यावर लिहून काढली, तर एकही प्रकाशक हात लावेना. १९५१ मध्ये त्यानं ती स्वतःच छापली.

"नाव कशाला पायजे तुला?" आज्जी म्हणाली. "त्याची लेकरंबाळं हायत हितंच."

मी म्हटलं, आज्जी, सत्तर वर्षं झाली, तार गेली, कायदा गेला.

"व्हय," ती म्हणाली, आणि टोपल्यांचं सांगायला लागली.