पराभव पचला, नकल पचली नाही

निवडणूक हरल्याचं दुःख आमच्या घरात दोन जेवणं टिकलं. उमेदवार होत्या माझ्या वहिनी, मी त्यांचा मोजणीचा एजंट. त्यांना हरून मोकळं होता आलं. मी मात्र त्यानंतर एका कागदाची प्रमाणित नकल, म्हणजे शिक्क्याची सरकारी प्रत, मिळवायला एका कार्यालयाच्या खिडकीत अडकलो आणि तो राग अजून गेलेला नाही. पुढं कुणी आपल्या इंदूरमध्ये पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या निवडणुकीला उभं राहणार असेल, तर त्याच्या घरच्यांनी हे वाचून ठेवावं.

६ जुलै २०२२ ला मतदान झालं, १७ जुलैला नेहरू स्टेडियमवर मोजणी. महानगरपालिकेचे ८५ वॉर्ड, त्यातला एक आमचा. महापौर थेट निवडून द्यायचा असल्यानं प्रत्येकानं दोन मतं दिलेली, एक महापौराला आणि एक पार्षदाला. जाळीच्या अलीकडे आम्ही वही-पेन्सिल घेऊन उभे, पलीकडे टेबलावर यंत्र. आधी सील आणि यंत्राचा नंबर दाखवतात, मग रिझल्टचं बटण. लाल आकडे इतके भरभर सरकतात की शेजारच्याशी बोललात तर एक उमेदवार गेलाच. वहिनी चाळीसेक मतांनी मागं राहिल्या.

फेरमोजणी मागता येते, पण निकाल जाहीर व्हायच्या आधी, लेखी आणि कारण देऊन. रिटर्निंग ऑफिसरनं, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं, निकाल वाचला की त्याचे हात बांधले जातात. आम्ही एका बूथसाठी अर्ज दिला, त्यांनी यंत्र पुन्हा लावलं, आकडा तोच. दुसरं काय येणार? या निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, नव्हतं, म्हणजे मोजायला चिठ्ठ्याच नाहीत. फेरमोजणी म्हणजे तेच बटण पुन्हा दाबणं. त्याच दिवशी उज्जैनला महापौरपद ७३६ मतांनी गेलं आणि बुऱ्हाणपूरला ५४२ मतांनी. तिथल्या एजंटांचं काय झालं असेल ते मी समजू शकतो.

आमची अडचण वेगळीच होती. मतदान संपलं की पीठासीन अधिकारी, म्हणजे बूथचे प्रमुख, मतपत्र लेखा भरतात आणि त्याची प्रत एजंटला मिळते. बूथवर एकूण किती मतं पडली ते त्यात असतं. त्या एका बूथवरची आमची प्रत कार्बनची, तीही खालच्या पानाची. एकूण मतांतला मधला आकडा तीन की आठ, हे ट्यूबलाइटखाली धरूनही कळेना. तीन असेल तर यंत्राशी जुळतं, आठ असेल तर पन्नास मतं गायब. आणि वहिनी मागं होत्या चाळीसनं. आता सांगा, झोप लागेल?

वकील साहेबांनी रस्ता सांगितला. मोजणीनंतर दाद एकाच दारात, निवडणूक याचिका. राज्यघटनेचं कलम २४३-झेडजीच तसं आहे, एरवीसारखं सरळ हायकोर्टात जाऊन निवडणूक रद्द करा म्हणता येत नाही. आमच्याकडे १९५६ च्या नगरपालिक निगम कायद्याच्या कलम ४४१ खाली ती जिल्हा न्यायाधीशांपुढे लावतात. उमेदवार लावू शकतो, वॉर्डातला मतदारही. मुदत ३० दिवस, आणि ती मोजायची निकाल राजपत्रात छापून आल्याच्या तारखेपासून. “आणि नुसता संशय लिहून भागणार नाही,” ते म्हणाले. “कोणता बूथ, किती मतं, निकाल त्यानं कसा फिरतो, हे कागदानिशी सांगा. नाहीतर कोर्ट यंत्राला हातही लावू देणार नाही.” म्हणजे मूळ मतपत्र लेखा आणि निकालपत्रक, दोन्हींची प्रमाणित नकल हवी.

इथून खिडकी सुरू.

खिडकीवरच्या बाबूनं अर्ज वाचलाच नाही. “सब सील हो गया।” मी म्हटलं, सील यंत्रांना असतं, खुणा केलेल्या मतदार यादीला असतं, ते कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. मला पत्रक हवंय. “वही तो बोल रहा हूँ, सब सील है।” पुढच्या खेपेला दुसरा बाबू. त्याचं म्हणणं, अर्ज उमेदवाराच्या सहीचा पाहिजे. वहिनींची सही आणली. मग म्हणे कागदांचा उल्लेख मोघम आहे, एकेक कागद वेगळा लिहा. लिहिला. मग चलान भरून आणा. भरलं, तर शीर्ष, म्हणजे पैसे कोणत्या सरकारी खात्यात जमा करायचे ते, चुकीचं. ते शीर्ष त्यानंच चिठ्ठीवर लिहून दिलेलं, ती चिठ्ठी मी काढून दाखवली, तर तिच्याकडे तो असा बघत राहिला जणू कुणी त्याच्या लग्नाची पत्रिका वीस वर्षांनी समोर ठेवावी.

खरं दुखणं नंतर कळलं. रिटर्निंग ऑफिसर ही खुर्चीच मुळी निवडणुकीपुरती. मोजणी झाली की साहेब आपल्या मूळ कामाला, त्यांचे कर्मचारी आपापल्या खात्यात. कागद गठ्ठे बांधून जमा होतात, पण कोणत्या गठ्ठ्यात काय याची यादी व्हायला कुणालाच घाई नसते. निवडून आलेल्यांच्या शपथा चालल्या होत्या, वॉर्डात मिठाई वाटली जात होती आणि आमच्या वॉर्डाचा गठ्ठा कोणत्या कपाटात आहे हे सांगायला माणूस नव्हता. इकडे राजपत्राची तारीख पडून गेलेली. मुदत मात्र बाबूच्या कपाटासाठी थांबत नाही आणि उशीर माफ होईल या भरवशावर तर मुळीच राहू नये.

शेवटी वकील साहेबांनी अर्ज नव्यानं लिहून दिला. त्यात राजपत्राची तारीख, याचिकेची शेवटची तारीख आणि एक ओळ: नकल वेळेत न मिळाल्यास तसं न्यायालयाला कळवलं जाईल. मी तो खिडकीत दिलाच नाही, आवक शाखेत दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतला. हे पहिल्या दिवशीच करावं, प्रत्येकानं. तोंडी नकाराला शिक्का नसतो, म्हणून तर तो इतका पटकन मिळतो. क्रमांक पडल्यावर तोच ‘सील झालेला’ कागद पिवळ्या फाइलमधून, साध्या नाडीखालून निघाला. सील कसलं, लाखेचा ठिपकासुद्धा नव्हता.

आकडा तीन होता. स्पष्ट, निळ्या शाईत, खाली पीठासीन अधिकाऱ्यांची सही. यंत्राशी तंतोतंत जुळला. वहिनी म्हणाल्या, “चला, खरंच हरले,” आणि चहा टाकायला गेल्या. त्यांच्या आवाजात हायसं वाटल्याचं मला तरी ऐकू आलं. याचिका लावायचा प्रश्नच उरला नाही.

आधी सांगायचं राहिलं: मतदान केंद्रावर प्रत हातात पडली की तिथंच, त्या अधिकाऱ्यासमोर आकडे मोठ्यानं वाचा आणि पुसट असेल तर अक्षरांत लिहून मागा. दिवसभर थकलेला असतो बिचारा, पण लिहून देतो. खर्चाचा हिशेब हरलेल्यालाही मुदतीत द्यावा लागतो, नकलेच्या नादात तो विसरू नका. चुकीच्या शीर्षात भरलेलं आमचं चलान अजून परत आलेलं नाही. त्याचा अर्ज मी यावेळी सरळ आवक शाखेत टाकलाय.