स्वर्व्हचं मॉड्यूल: आधी बेअरिंग, मग मोटर

कॉलेजच्या रोबोट टीममधली ज्युनिअर मुलं स्वर्व्ह ड्राइव्हचं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवता येणाऱ्या रचनेचं, डिझाइन दाखवायला घेऊन येतात, तेव्हा पहिला आकडा मोटरच्या आरपीएमचा असतो. मी विचारते, बेअरिंग कुठलं घेतलंय आणि चाक हाताने हलवलं तर किती हलतं? स्वर्व्हचा जीव त्या हलण्यात आहे.

२०२५ ची एबीयू रोबोकॉन ही कॉलेजांच्या रोबोटची स्पर्धा मंगोलियात उलानबातरला झाली आणि खेळ होता बास्केटबॉल. पळता पळता रोबोटचं तोंड बास्केटकडे वळवायचं असेल, तर स्वर्व्हला तोड नाही. मेकॅनम चाकांनीही कुठल्याही दिशेला जाता येतं, पण त्याचे तिरके रोलर धक्का बसला की सरकतात. स्वर्व्हमध्ये चाक साधं, रबराचं, पूर्ण पकडीचं. प्रत्येक चाकाला दोन मोटर, एक पळवायला (ड्राइव्ह) आणि एक वळवायला (स्टिअरिंग). एका चाकाचा हा सगळा संच म्हणजे मॉड्यूल.

आता बेअरिंग. रोबोटला बाजूने धडक बसली की जोर चाकाच्या तळाशी लागतो आणि सगळं मॉड्यूल तिरकं करू पाहतो. एकटं पातळ बेअरिंग हे सोसत नाही, दोन हवीत आणि त्यांच्यात अंतर हवं. आम्ही ६८१० नंबरचं वापरतो: आतला व्यास ५०, बाहेरचा ६५, जाडी ७ मिमी. बेअरिंग बसायच्या दोन्ही जागा (सीट) एका रेषेत आल्या नाहीत तर वळवताना अडकतं आणि स्टिअरिंगची मोटर उगाच तापते. भोसरीत आमचं काम करणाऱ्या व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) वाल्या काकांनी ड्रॉइंग बघताक्षणी सांगितलं, "ताई, जॉब उलटवायचाच नाही. ६५ चा बोअर आरपार मारून देतो, मध्ये स्पेसर टाका." दोन्ही सीट एकाच आरपार भोकात आल्या की रेष चुकत नाही; तेव्हापासून तेच करतोय. मॉड्यूल हातात धरून चाक झटकलं तरी आवाज येत नाही, याचं मला अजून फार सुख वाटतं.

गिअरमधला प्ले (दातांमधली ढिलाई) मात्र पूर्ण जात नाही, म्हणून एन्कोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर) स्टिअरिंगच्या मोटरवर लावू नका. चाक खरंच कुठे वळलंय ते त्याला दिसलं पाहिजे. मधून ड्राइव्हचा शाफ्ट जातो, त्यामुळे बरोबर केंद्रात जागा मिळत नाही; शेजारी एकास एकचा गिअर देऊन त्यावर चुंबक बसवायचं. त्या चुंबकाचा कोन वाचणारी एएस५६०० ही साधी चिप एका फेरीचे ४०९६ भाग करते, म्हणजे एक भाग ०.०९ अंशाच्या आसपास. तेवढं पुष्कळ झालं. चाकं दोन अंश वाकडी राहिली, तर तीन मीटरांत रोबोट दहा सेंटिमीटर बाजूला जातो.

कोडवाल्यांना हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. ड्राइव्हची मोटर चॅसीवर पक्की असते आणि खाली चाकापाशी बेव्हल गिअर (उभ्या शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवणारी गिअरची जोडी) असतो. मोटर थांबवून नुसतं चाक वळवलं, तरी बेव्हलचा मोठा गिअर छोट्याभोवती फिरतो आणि चाक थोडं गडगडतं. बेव्हलचं गुणोत्तर १५ दातांना ४५ असेल, तर ९० अंश वळताना चाक ३० अंश फिरतं. १०० मिमीच्या चाकाला ते झाले २६ मिमी. रोबोट जागेवर उभा, आणि चाक जमिनीला घासतंय! वळण्याच्या वेगाच्या प्रमाणात ड्राइव्हच्या मोटरला भरपाई द्या. अंतर मोजतानाही तेवढा हिशेब वजा करा, नाहीतर जागेवर उभा असूनही मोटरच्या एन्कोडरला वाटतं रोबोट हलला. बाकी गणित सोपं आहे. लक्ष्य ९० अंशांपलीकडे असेल तर चाक उलटं पळवायचं, एवढं लक्षात ठेवा.

चाकांचा शून्य कोन लावताना एका बाजूच्या दोन्ही चाकांना लांब ॲल्युमिनियमची पट्टी टेकवतो. बेव्हल गिअर चारही चाकांचे एकाच बाजूला यायला हवेत. एखादा पलीकडे राहिला तर ते चाक १८० अंशांनी चुकतं आणि बाकी तिघांशी भांडत बसतं. त्यानंतरच ऑफसेट, म्हणजे सरळ चाकाला एन्कोडर दाखवतो तो आकडा, सेव्ह करायचा.

आणि सरावाच्या काळात चाकाचा व्यास व्हर्निअरने मोजत राहा. जागच्या जागी वळून रबर लवकर झिजतं. १०० चं चाक ९८ वर आलं की दहा मीटरांत वीस सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि मुलं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. नवा व्यास कोडमध्ये टाका, नाहीतर चारही रबरं एकदम बदला. एकटंच बदलू नका.