रायलेचे कडे आणि पोडाचे पाणी

थायलंडच्या क्राबी प्रांतातील रायले हे बेट नाही. पण चुनखडीच्या उभ्या कड्यांनी जमिनीवरची वाट अडवल्यामुळे तिथे बोटीनेच जावे लागते. आओ नांगच्या किनाऱ्यावरून लाँगटेल बोटीने साधारण १५ मिनिटे लागतात. बोट पुरेसे प्रवासी जमल्यावरच सुटते आणि चढताना-उतरताना गुडघाभर, कधी त्याहून खोल पाण्यातून चालावे लागते, त्यामुळे सामान पाणी न शिरणाऱ्या पिशवीतच ठेवावे. आम्ही जानेवारीत गेलो होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सोडून पावसाळ्यात जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण तेव्हा समुद्र खवळलेला असतो.

प्रस्तरारोहण नव्याने शिकणाऱ्यांनी पूर्व रायलेच्या ‘वन टू थ्री वॉल’पासून सुरुवात करावी. तेथील प्रशिक्षण संस्था बूट, हार्नेस, दोर आणि मार्गदर्शक पुरवतात आणि अर्ध्या दिवसात टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या दोराच्या आधाराने, बरेच चढून होते. सह्याद्रीच्या बसाल्टवर हात बसलेल्यांना मात्र हा खडक थोडा वेळ गोंधळात टाकतो: आपल्याकडे भेगा आणि आडव्या पट्ट्या शोधायची सवय असते, तर इथे पाण्याने कोरलेली भोके आणि छतातून लोंबणारे चुनखडीचे सुळके धरून शरीर तोलायचे असते. लोकप्रिय मार्गांवरच्या पकडी अनेकांच्या हातांनी गुळगुळीत झाल्या आहेत, तेव्हा घाम शोषून पकड टिकवणारा चॉक (पांढरी पूड) जवळ हवाच. उन्हाचा विचारही आधी करावा. पूर्वाभिमुख भिंती दुपारनंतर आणि पश्चिमाभिमुख भिंती सकाळी सावलीत असतात.

स्वतःचा दोर घेऊन जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोल्टची, म्हणजे दोर अडकवण्यासाठी खडकात कायमच्या बसवलेल्या धातूच्या खिळ्यांची आहे. उष्ण, खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला आतून तडे जातात आणि वरून ठणठणीत दिसणारा बोल्ट थोड्याशा भारानेही तुटू शकतो. म्हणूनच इथले अनेक मार्ग रेझिनने बसवलेल्या टायटॅनियमच्या बोल्टने नव्याने सज्ज करण्यात आले आहेत. कोणत्या मार्गाचे बोल्ट बदलले आहेत हे स्थानिक आरोहकांना विचारल्याशिवाय दोर लावू नये, आणि या बाबतीत संकोच मुळीच बाळगू नये.

स्नॉर्केलिंगसाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. पोडा, टप आणि ‘चिकन आयलंड’ ही बेटे एकाच दिवसात होतात. ती १९८३ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने प्रवेशशुल्कासाठी रोख बाट जवळ ठेवावेत. इथे तिथीचा उपयोग होतो. टप आणि चिकन आयलंड यांना जोडणारा वाळूचा पट्टा पाहायचा असेल, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची उधाणाची ओहोटी गाठावी; प्रवाळ आणि मासे निवांत पाहायचे असतील, तर अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, बरा, कारण तेव्हा प्रवाह मंद असतो आणि पाणी कमी गढूळते. दोन्ही एका फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये. माझी पसंती भांगाला आहे.

ऐन ओहोटीला उथळ प्रवाळावर पोहू नये. पायात घातलेल्या फिनचा (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पट्टीचा) एक फटका वर्षानुवर्षांची वाढ मोडतो, आणि लांब काट्यांचे काळे समुद्री साळिंदर तिथेच बसलेले असतात. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडने २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदी घातली आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा घालणेच उत्तम. जेलीफिशपासूनही तो बरेच संरक्षण देतो.

वेळ उरल्यास फ्रा नांगच्या किनाऱ्यावरील गुहेतले देवस्थान पाहावे. समुद्रात जाण्याआधी तिथे काही अर्पण करण्याची तेथील मच्छीमारांची रीत कोकणात वाढलेल्यांना परकी वाटणार नाही. तिथे नवसाची म्हणून वाहिलेली लाकडी लिंगे पाहून हसू नये. परतीची बोट मात्र अंधार पडण्यापूर्वीच धरावी, कारण नंतर प्रवासी कमी होतात आणि संपूर्ण बोटीचे भाडे आपल्यालाच द्यावे लागते.