घेटुळीचा दाखला

आयुर्वेदात एमडीला द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचा विषय, घेतलं की प्रबंधाच्या सुरुवातीलाच एक कागद लागतो. आमच्यात त्याला नुसतं 'ऑथेंटिकेशन' म्हणतात. तुम्ही जिच्यावर काम करताय ती वनस्पती तीच आहे, असा जाणकाराचा दाखला. माझा विषय पुनर्नवा, म्हणजे आपली रस्त्याकडेला पसरणारी घेटुळी. "तिला कसला दाखला?" असं घरी सगळ्यांनी विचारून झालं. पण बाजारात पुनर्नवा मागितली की घेटुळीच हाती पडेल याची खात्री नसते. पांढरी पुनर्नवा म्हणून ट्रायँथेमा ही निराळ्याच कुळातली वनस्पतीही खपते. वाळून तुकडे झाल्यावर कोण ओळखणार? म्हणून चूर्ण किंवा मुळांची पुडी घेऊन कुणी दाखला मागायला जाऊ नये. मूळ, फूल, फळ असं सगळं अंगावर असलेलं रोप लागतं.

घेटुळी पावसाळ्यात जोमात असते आणि पावसाळ्यातच काही वाळत नाही. वर्तमानपत्रात दाबायची, वर वजन ठेवायचं, रोज कागद बदलायचा. आळस केला की बुरशी आलीच. त्यात हिची फळं चिकट, कागद बदलताना निम्मी कागदालाच राहतात. वाळली की जाड पांढऱ्या कागदावर टाके घालून बसवायची, गाठी मागच्या बाजूला. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: गाव, तालुका, तारीख, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता. रंग तिथल्या तिथेच टिपून घ्यावा, वाळल्यावर तो उडतो.

हे सगळं घेऊन मी मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात गेले. सोबत मार्गदर्शकांचं सही-शिक्क्याचं पत्र. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट पाद्री या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, त्यांच्या नावाचा हा संग्रह. पुढे सांतापाव या स्पॅनिश पाद्रींनी खंडाळ्याच्या डोंगरांतून गोळा केलेल्या वनस्पतींची मोठी भर त्यात पडली. आज तिथे सुमारे दोन लाख नमुने आहेत. कपाटं कुळांप्रमाणे लावलेली, त्यामुळे घेटुळी निघाली बोगनवेलीच्या शेजारून.

माझ्या आधी एक आजोबा सोसायटीतल्या झाडाची फांदी पिशवीत घालून आले होते. हे झाड कुठलं, एवढंच त्यांना हवं होतं. नमुने तपासणाऱ्या मॅडमनी त्यांनाही तितक्याच निगुतीने फांदी उलटसुलट करून दाखवली. मला ते फार आवडलं. नाहीतर अशा जागी आपण काहीतरी मागायला आलोय असंच वाटत राहतं.

मग माझा नमुना भिंगाखाली गेला. मॅडम स्वतः सांगत नव्हत्या, मलाच विचारत होत्या. "फुलं कशी आहेत?" छोट्या गुच्छात, लांब दांड्यावर. ट्रायँथेमाचं फूल एकटं, पानाच्या बगलेत बसतं. "फळ?" गदेसारखं, पाच कंगोऱ्यांचं, वर चिकट ग्रंथी. द्रव्यगुणाच्या तासांना घोकलेलं वर्णन तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. शेजारी संग्रहातला जुना नमुना ठेवला. पानं तपकिरी झालेली, लेबलवरची शाई फिकटलेली, पण कंगोरे मोजता येत होते. पुस्तकात एक चित्र असतं. इथे कोकणातली, देशावरची, सुकाळातली, दुष्काळातली घेटुळी एकावर एक ठेवलेली. एकाच जातीचं पान किती लहानमोठं होऊ शकतं, ते त्या थप्पीवरूनच कळतं.

दाखला लगेच हातात पडत नाही, थोडी वाट पाहावी लागते. कामाचा असतो त्यावरचा क्रमांक. नमुन्याची एक प्रत संग्रहात राहते आणि प्रबंधात तो क्रमांक लिहायचा असतो. उद्या माझ्या निष्कर्षांवर कुणाला शंका आली, तर त्याने कपाट उघडून बघावं. मी नेमकी कुठली पुनर्नवा वापरली यावर वाद घालायला माझी गरजच नाही.

कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी. आधी फोन करून वेळ ठरवा. आणि नमुने दोन-तीन करून ठेवा: एक तिथे राहतो, एक आपल्या विभागात लागतो, आणि चिकट फळांचा काही भरवसा नाही.